नव्या कॅमशाफ्टची मोहीम व जुन्या स्प्रिंगांचा पाडाव

“काका, स्प्रिंगा बदलल्यात ना?” ऐसा सवाल भर गॅरेजात करून दाखवावा, ऐसी पैज कन्येचा संशय ऐकोन मैत्रिणींनी घातली, म्हणोन दहावीतील कन्येने तो केला, आणि तेथून जे रण माजले त्याची ही हकीकत, कोणाची भीड न धरितां लिहिली असे.

कैफियत ऐसीजे. कन्येचे तीर्थरूप गॅरेजाचे धनी, धाकटे काका सेनापती, आणि फोरमन आवाजाने मातब्बर. त्रिवर्गांनी मसलत करून शर्यतीच्या गाडीस नवा कॅमशाफ्ट चढविला. याचे उंचवटे थोर, सबब तो व्हॉल्व अधिक खोल दाबी आणि इंजिनास दम अधिक येई. परंतु व्हॉल्व परत मिटविणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच ठेविल्या. कां, तर मागील शर्यत त्यांनीच जिंकिली, ऐसी काकांची श्रद्धा. सोबत आलेला सूचनांचा कागद चहाच्या पेल्यांखाली नामजाद जाहला.

मग इंजिन सुरू केले, आणि व्हॉल्वास रेटा पोचविणारा पुशरॉड वाकला. दुसरा घातला, तोही वाकला. तिसराही वाकला, तेव्हां त्रिवर्गांनी गहन विचार करून ऑइलास दोषी ठरविले, मग पेट्रोलास, आणि अखेर कन्येस, कीं हिने काल कार्बोरेटर पुसला होता. शर्यत परवां. आणखी एक दणका बसोन व्हॉल्व पिस्टनावर तुटता, तर तीर्थरूपांची दोन वर्षांची मेहनत भंगारात जाती.

ऐशा समयी तो सवाल आला. काकांनी फर्माविले, “तू अभ्यास कर गं बाई. स्प्रिंगा काय चपला आहेत, दर वर्षी बदलायला?” फोरमन हसले, आणि त्या दिवशी त्यांची कामगिरी ती एवढीच.

कन्या हटली नाही. व्हॉल्वांवरील झाकण उतरविले, पाना लावोन इंजिन हातानेच हळूहळू फिरविले, आणि व्हॉल्व पुरा दबतांच वहीचे पान फाडोन स्प्रिंगेच्या वेढ्यांत सारिले. पान शिरेना. वेढ्यास वेढा भिडोन स्प्रिंग दगड जाहली होती, आणि कॅमचा सारा जोर पुशरॉडावर; तो बापडा वाकेल नाही तर काय करील?

“बाबा, तुम्ही सरकवून बघा.”

तीर्थरूपांनी सारिले. शिरेना. काकांनी पान जाड असल्याची हरकत घेतली.

“अरे, गप बस जरा,” तीर्थरूप म्हणाले.

मग सुट्या भागांच्या खोलीच्या मुखत्यार, कन्येच्या मातोश्री, यांजकडे नव्या स्प्रिंगांची तजवीज पुसली. त्यांनी फळीवरून बंद खोका काढिला. “कॅमबरोबरच आल्यात. मला कोणी विचारलंच नाही.”

आठही स्प्रिंगा चढल्या, आठहींत पान सरकले, इंजिन पूर्ण वेगाने गर्जले, आणि पुशरॉड एकही वाकला नाही. काका बाहेर हवा पाहत उभे राहिले. येणेंप्रमाणे तिसऱ्या प्रहरी फत्ते जाहली. मग कन्येने हात पुसले आणि मातापित्यांस एकत्र उभे करून हुकूम सादर केला:

“परवा गाडीबरोबर मी येणार, आणि दहावीनंतर मेकॅनिकलला जाणार. विचारत नाहीये, कळवतेय.”