आदर्श लाभार्थी

जयवंत करी रोडच्या चाळीत राहायचा आणि गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी होता. गावात कोणाचं काही बरं झालं, की त्याला मुंबईत आणून शाल-नारळ द्यायचा, हा मंडळाचा जुना रिवाज. यंदा मात्र कोणाचंच काही बरं झालं नव्हतं. अशात कळलं, की लक्ष्मीच्या दोन पोरींना पोषणाचं सरकारी अनुदान मंजूर व्हायच्या बेतात आहे. लक्ष्मी म्हणजे जयवंतच्या चुलतभावाची बायको. भाऊ गेल्यापासून दुसऱ्यांच्या काजूबागेत राबून पोरींना वाढवत होती.

"तू आमची आदर्श लाभार्थी," जयवंत फोनवर म्हणाला. "रविवारी लालबागला सत्कार. पोरींना घेऊन ये."

"भावोजी, अजून मंजूर खंय झाला? साहेब घर बघूक येवचे आसत, ह्याच आठवड्यात. घराक कुलूप दिसला तर सगळा गेला."

जयवंतने जेमतेम विचार केला. "मग साहेबांनाच प्रमुख पाहुणे करतो. ते इकडे स्टेजवर असताना तिकडे घर बघणार कोण?"

ही युक्ती त्याला इतकी आवडली, की चाळीत जो भेटेल त्याला तो ती सांगत सुटला.

त्याची बायको जाईबाई वेगळ्याच काळजीत होती. लक्ष्मी एसटीतून उतरली ती विटक्या साडीत. "ही अशी स्टेजवर जाणार? मंडळाची काय इज्जत राहील?" असं म्हणून तिने ट्रंकेतून पैठणी काढली, लक्ष्मीच्या गळ्यात स्वतःची मोहनमाळ घातली, पोरींना हिंदमाताच्या कपडेबाजारातून चमचमते फ्रॉक आणले आणि त्यांच्या पायात आपल्या मुलीचे, श्रेयाचे, बूट चढवले.

रविवारी प्रमुख पाहुणे चिंतामणी साहेबांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि शेजारच्या खुर्चीकडे आदराने पाहिलं.

"या बाई देणगीदार का?"

"नाही साहेब, याच त्या लाभार्थी," जयवंत अभिमानाने म्हणाला.

साहेबांनी पैठणीच्या पदरापासून बुटांपर्यंत नजर फिरवली. "मग अर्ज फेरतपासणीला घ्यावा लागेल," ते पुटपुटले. माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं. लक्ष्मीने पोरींचे हात घट्ट धरले.

जाईबाई खाली प्रेक्षकांतच उभी राहिली. "साहेब, साडी माझी आहे. माळपण माझीच. तीसुद्धा खरी नाही, एक ग्रॅमवाली आहे."

ही बातमी जयवंतलाही नवीन होती.

"आणि हे बूट?"

"माझ्या मुलीचे. पुढे कागद कोंबलाय, दाबून बघा."

साहेबांनी वाकून खरंच दाबून पाहिलं. "कागद आहे," ते म्हणाले. "पण घर बघितल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही. घरात माणसं असताना. उद्याच बघतो."

उद्या घरात माणसं हवीत, तर आजच निघायला हवं. मंडळाने गाडी केली आणि साहेबांनाही तिच्यातच बसवलं. एवढी मोठी गाडी रिकामी कशाला न्यायची, म्हणून कार्यकारिणी बसली. कार्यकारिणी चाललीय तर आम्ही काय घोडं मारलं, म्हणून बायका बसल्या.

गावी पोचल्यावर लक्ष्मीने कुलूप काढलं आणि मागे वळून पाहिलं. अंगणभर मुंबईकर. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवायची तिच्याकडे पद्धत नव्हती. तिने चूल पेटवली, भात टाकला, कुळथाची पिठी केली.

"वहिनी, ही चव मुंबईत नाही," असं म्हणत खजिनदारांनी ताट पुन्हा पुढे केलं. साहेब "थोडाच, थोडाच" म्हणत होते आणि भात संपवत होते. पोरी दाराशी बसून पाहुण्यांचं आटपायची वाट बघत होत्या.

हात धुऊन साहेब कर्तव्याला लागले. तांदळाचा डबा उघडला. रिकामा. पिठाचा उघडला. त्यात नुसता चमचा. पातेल्यात करपलेली खरवड. मग त्यांची नजर दाराशी बसलेल्या, अजून न जेवलेल्या पोरींकडे गेली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"घरात दाणा नाही हो," ते जयवंतला हळूच म्हणाले. "इतकी वाईट परिस्थिती मी या तालुक्यात पाहिली नव्हती." आणि तिथेच उभ्याउभ्या त्यांनी अनुदान मंजूर करून टाकलं.

गाडी सुरू झाली. जयवंतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघितलंस लक्ष्मी? मंडळ नसतं तर झालं असतं का काम?"

लक्ष्मी शेजारून मागून आणलेले तांदूळ पोरींसाठी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"नाय भावोजी. तुमी सगळे इलास, म्हणानच आमची गरिबी पास झाली."