चुका काढण्याचं आमंत्रण

१४ मे २००५, शनिवार. अंगणात फणसपोळीची ताटं उन्हात टाकून मी काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यापलीकडून आवाज आला, "वहिनी, तक्रार आहे का काही?"

लोक भेटल्यावर नमस्कार म्हणतात, भाऊ शेट्ये तक्रार विचारतात. टेलिफोन ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण टेबल काही सुटलं नाही. कुठलंही गाऱ्हाणं सांगा, त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. काय केलंत? काय व्हायला हवं होतं? काय झालं? मग ते वहीत लिहितात आणि वर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, देतात. माझ्या दुधाचं पातेलं उतू गेलं त्याचासुद्धा नंबर आहे. एकदा मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात मासेवालीसमोर त्यांनी वही उघडली. "काय केलं? बांगडा शिजवला. काय व्हायला हवं होतं? चव. काय झालं? वास."

"झाला ना लिवून?" ती म्हणाली, "आता बाजूला व्हा भाऊ, गिऱ्हाईक खोळंबलाय."

तर त्या दिवशी भाऊ फाटक उघडून आत आले, खिशातून पुडी काढली आणि माझ्या हातावर अक्षता ठेवल्या. त्रेसष्ट वर्षांच्या अविवाहित माणसाने असं केल्यावर माझ्या हातातली काठीच पडली.

"कोणाचं लग्न, भाऊ?"

"लग्न नाही. चुका काढायला या. उद्या दहा वाजता, आमच्या पडवीत."

भाऊंना निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं, हे आळीला माहीत होतं. जगभरातली माणसं मिळून एक प्रोग्राम बनवत होती, आणि भाऊ त्याच्या मराठी रूपासाठी राबत होते. त्याला मालक नाही, कंपनी नाही. गावच्या विहिरीतला गाळ सगळ्यांनी मिळून काढावा तसं काम. नवी आवृत्ती निघण्याआधी एक दिवस ठरवायचा, ठिकठिकाणी लोकांनी जमून प्रोग्राम वापरायचा आणि दिसेल ती चूक कळवायची. याला भाऊ 'सहभाग दिन' म्हणत.

"पण मला कॉम्प्युटर येत नाही."

"येत नाही म्हणूनच बोलावतोय. आणि चुका काढता येतात ना?" त्यांनी यादी पुढे केली. शीर्षक होतं, 'आळीतले खोड काढणारे, गुणानुक्रमे.' दोन नंबरला माझं नाव. तीनला हलिमाभाभी, चारला निवृत्त हेडक्लार्क सावंत.

"मी खोड काढते? कधी काढली? आणि अक्षर काय हे, सगळं तिरकं! यादी आहे की मुंग्यांची रांग?"

भाऊंनी वही उघडून ते लिहून घेतलं. "साधी माणसं आणून बसवली तर 'छान आहे' म्हणतात आणि चहा पिऊन जातात. प्रोग्रामला त्याचा काय उपयोग?"

एक नंबरला माई होत्या. त्यावर मात्र वाद घालण्यासारखं काही नव्हतं. माई म्हणजे भाऊंची मोठी बहीण. दोघंच राहत. माईंच्या शिवणक्लासात आळीतल्या दोन पिढ्या बोलणी खाऊन शिकल्या. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा माझे मोदक बघून त्या म्हणाल्या होत्या, "अगो, या कळ्या आहेत की सुरकुत्या?" त्या दिवसापासून मी वीस वर्षं मोदक सुधारते आहे. गेल्या गणपतीपासून त्या दिसल्या नव्हत्या. भाऊ सांगत, गुडघे धरलेत. मीही खोदून विचारलं नाही. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं होतं.

रविवारी गेले. कुठल्याशा क्लासमधून सुट्टीपुरते मागून आणलेले चार कॉम्प्युटर पडवीत मांडले होते. पण दाराशीच मला पुन्हा धक्का बसला. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं टांगलेलं. पायपुसणं उताणं. आणि भाऊंच्या शर्टाचं बटण एक घर चुकलेलं, त्यामुळे कॉलर एका कानाला लागलेली.

"भाऊ, बटण."

"माहीत आहे."

"मग लिहा की वहीत."

"ती तक्रार तुमच्याकडून घ्यायची नाही," ते म्हणाले आणि माझी खुर्ची पुढे ओढली.

सावंतांनी पहिल्या दहा मिनिटांत सहा चुका काढल्या. हलिमाभाभींचे यजमान कुवेतला. त्यांना पत्र लिहायला त्या बसल्या आणि ओरडल्या, "भाऊ, हा खोटा बोलतो! पत्र गेला म्हणतो, आणि पत्र तर हितंच आहे!"

"काय केलंत?" भाऊ आनंदाने धावले.

"मी काय केलन? मी काहीच नाय केलन! तोच करतोय!"

मी फणसपोळीची कृती लिहायला घेतली. पडद्यावरच्या सगळ्या वेलांट्या माथ्यावर कापल्या जात होत्या, वाऱ्याने टोप्या उडालेल्या माणसांसारख्या. मी सांगितलं, भाऊंनी इंग्रजीत लिहून पाठवलं. जेवणं होईपर्यंत कुठल्या तरी परदेशातून उत्तर हजर: चूक मान्य, दाखवल्याबद्दल आभार. मी दोनदा वाचायला लावलं. चूक काढली म्हणून मला आभार मिळण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ.

तीनच्या सुमाराला भाऊ आत गेले आणि माईंना हाताला धरून घेऊन आले. चौथा कॉम्प्युटर सकाळपासून त्यांच्यासाठी रिकामा ठेवला होता. मी सवयीने पदर सारखा केला. माई बसल्या. भाऊ अगदी समोर उभे राहिले, वाकडी कॉलर घेऊन.

"माई, बघ. कसं आहे?"

माईंनी पडदा बघितला, उलटं कॅलेंडर बघितलं, भाऊंचा शर्ट बघितला. मग गोड हसून म्हणाल्या, "छान आहे."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण? बसा हो. साडी छान आहे." साडी घरात नेसायची, विटकी होती.

हलिमाभाभींनी मान खाली घातली. सावंतांनी चष्मा पुसायला घेतला. भाऊंनी वहीत माईंच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली आणि सगळ्यांना पन्हं आणून दिलं.

सगळे गेल्यावर मी पेले गोळा करायला थांबले. भाऊ कॅलेंडर सरळ करत होते.

"गणपतीपासून असंच आहे," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "भातात खडा लागला, छान. मी पडलो, गुडघा फुटला, छान. डॉक्टर म्हणतात वय झालं. मला वाटलं, एवढी माणसं चुका काढताना ऐकली तर हिला चेव येईल."

"आणि बटण?"

"रोज सकाळी एक चुकवतो. पूर्वी तिने मला असं फाटकाबाहेर जाऊ दिलं नसतं."

मी पेले घासून पालथे घातले आणि घरी आले.

सोमवारी सकाळी सात वाजता त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. माई पडवीत झोपाळ्यावर होत्या. भाऊ बाहेर आले, कॉलर कानाला लागलेलीच.

"वहिनी, तक्रार आहे का काही?"

"आहे. वही आणा. काय केलं? फाटकाशी आले. काय व्हायला हवं होतं? साठी उलटलेल्या माणसाचा शर्ट सरळ. काय झालं? हे."

"ही तक्रार..."

"मला ठाऊक आहे माझ्याकडून घ्यायची नाही. माईंच्या नावावर लिहा. मी नुसती निरोप घेऊन आलेय."

भाऊ आतून वही-पेन घेऊन आले. मग त्यांनी तारीख घातली, माईंचं नाव लिहिलं, नंबर दिला. वही बगलेत धरून सगळी बटणं काढली आणि वरपासून एकेक नीट लावली.

"छान आहे," माई झोपाळ्यावरून म्हणाल्या.

आता ते खरंच होतं. मी घरी आले आणि फणसपोळीची ताटं परत उन्हात टाकली.