हॅज डाइड

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातून मुख्यालयाला गेलेलं एक पत्र परत आलं. साहेबांनी त्यात इंग्रजीत ‘डिस्कस अबाऊट’ लिहिलं होतं आणि वरच्या कोणीतरी त्यातल्या जास्तीच्या ‘अबाऊट’भोवती लाल गोल काढला होता. साहेब त्या गोलाकडे बराच वेळ बघत बसले. त्या सुमारास निम्म्या शहरात पाणी येत नव्हतं, पण त्याभोवती कोणी लाल गोल काढलेला नव्हता. त्यामुळे तातडीचा प्रश्न कोणता याबद्दल शंका उरली नाही आणि सर्व कर्मचाऱ्यांची इंग्रजी व्याकरणाची परीक्षा जाहीर झाली.

परीक्षेला आम्ही सगळे बसलो. साहेब बसले नाहीत, कारण पेपर त्यांच्या देखरेखीखाली निघाला होता आणि तो फुटू नये अशी त्यांची इच्छा होती. ‘कझिन ब्रदर’मधला ब्रदर जास्तीचा असतो, हे आम्हाला निकालाच्या दिवशी कळलं. बहुतेकजण आपटलो. पहिले आले आमचे हेडक्लार्क. सज्जन माणूस. आयुष्यात प्रथमच कशात तरी पहिले आल्यामुळे ते दोन दिवस कोणाशी नीट बोलू शकले नाहीत. साहेबांनी त्यांना भाषाशुद्धी अधिकारी नेमलं. यापुढे सगळा मजकूर इंग्रजीत असेल आणि हेडक्लार्कांच्या सहीशिवाय तो पुढे सरकणार नाही, असा हुकूम निघाला.

याच काळात एक बाई येऊ लागल्या. त्यांचा नवरा वारला होता आणि नळ त्याच्या नावावर होता. मयत माणसाला पाणी लागत नाही, या सरळ हिशेबाने कार्यालयाने तो नळ बंद केला होता. बाईंना तो आपल्या नावावर करून हवा होता. सासू अंथरुणाला खिळलेली, आणि पाणी पलीकडच्या गल्लीतून आणावं लागे. त्यांचा मराठी अर्ज परत गेला तेव्हा त्यांनी भाच्याकडून इंग्रजी लिहून आणला. ‘माय हजबंड हॅज डाइड इन मार्च.’

हेडक्लार्कांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि शांतपणे समजावलं. मार्च एकदा सांगितला की ‘हॅज’ चालत नाही. तिथे साधा भूतकाळ हवा.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, ते गेले ते गेलेच. काळ कुठलाही लावा, पण नळ सोडा.”

“माझ्या हातात असतं तर सोडला असता हो,” हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. चूक दुरुस्त करणं त्यांच्या हातात होतं. पण अधिकाऱ्याने अर्जदाराच्या मजकुराला हात लावणं नियमात बसत नव्हतं. बाई अर्ज घेऊन खाली गेल्या आणि लिफ्टजवळच्या बाकावर बसून राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर हेडक्लार्क लिफ्टमध्ये शिरले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. तासाभराच्या खटपटीनंतर आतल्या फोनवरून त्यांनी टेलिफोन ऑपरेटरला गाठलं आणि मराठीत सगळं सांगितलं. या ऑपरेटरबाई परीक्षेत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही नापास झाल्या होत्या आणि तिसऱ्यांदा व्हायची त्यांची तयारी नव्हती. तक्रार इंग्रजीतच नोंदवता येते, याची त्यांनी नम्रपणे आठवण करून दिली. हेडक्लार्क घामाघूम झाले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आय ॲम स्टक इन लिफ्ट सिन्स वन अवर.”

“साहेब, यात चुका आहेत.”

हेडक्लार्कांनी हळू आवाजात ‘हॅव बीन’ घातलं, ‘सिन्स’चं ‘फॉर’ केलं आणि लिफ्टला ‘द’ लावलं.

“आता बरोबर आहे,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “पण तुमची सही लागेल, आणि तुम्ही जागेवर नाही.”

वरच्या मजल्यावर आम्हाला त्यांचं दार ठोठावणं ऐकू येत होतं. आम्ही हातावर हात धरून बसलो होतो असं कोणी म्हणू नये. लिफ्टच्या कंपनीला कळवायचा मजकूर आम्ही तयार करत होतो. ‘स्टक’ की ‘स्ट्रक’ यावर दोन तट पडले आणि साहेबांना विचारावं असं ठरलं. साहेबांनी दोन्हींवर विचार करायला वेळ मागितला.

शेवटी हालचाल केली ती त्या बाईंनी. ठोठावणं त्यांनाही ऐकू येत होतं. त्या रस्त्यापलीकडच्या दुकानातून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आल्या. “माणूस अडकलाय, चला,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या म्हणे. त्याने दार उघडलं. हेडक्लार्क बाहेर आले. बाईंना त्यांनी हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी स्वतः त्यांचा अर्ज मागून घेतला, नियम बाजूला ठेवला आणि आपल्या हाताने ‘हॅज’ खोडून खाली सही केली.

तो अर्ज साहेबांकडे गेला. खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारता येत नसल्यामुळे तो परत आला. शिवाय लेखी मजकुराशिवाय बाहेरचा माणूस इमारतीत कसा शिरला, याची चौकशी लागली. हेडक्लार्कांना खुलासा लिहावा लागला. तो एकही चूक नसलेला होता आणि आता नमुना म्हणून नवीन लोकांना दाखवला जातो.

ही हकिगत मी अनेक सुशिक्षित मंडळींना सांगितली आहे. सगळे मनापासून हसतात. मग हळूच बाजूला घेऊन विचारतात, ‘हॅज डाइड’ अगदीच चूक आहे का हो, आम्ही तर नेहमी तसंच लिहितो. मी त्यांना साधा भूतकाळ समजावून सांगतो, आणि ते समाधानाने घरी जातात. बाईंच्या नळाला पाणी आलं का, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, असं मी धरून चालतो.