रविवारच्या बाटल्या

सोमवारी सकाळी आठ वाजता नागरिकत्व समिती घर बघायला येणार होती आणि रविवारी सकाळी बेसिमच्या स्वयंपाकघरात रिकाम्या बाटल्यांची फौज उभी होती. ही सगळी मेव्हण्याची कृपा. तो शनिवारी शुभेच्छा द्यायला आला आणि मनसोक्त देऊन गेला.

"आज टाकून ये," बायको द्रिता म्हणाली.

"आज रविवार आहे."

"मग तळघरात लपव."

"तळघरही बघतात म्हणे."

स्वित्झर्लंडमधल्या त्या गावात कुणी काय पाप करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न होता, पण रविवारची शांतता मोडून रिकाम्या बाटल्यांच्या सार्वजनिक डब्यात खळ्ळकन बाटली टाकणाऱ्याला क्षमा नव्हती. बेसिमला कोसोव्होहून येऊन वीस वर्षं झाली होती. अर्ध्या गावाच्या न्हाणीघरातल्या फरश्या त्याच्या हातच्या. लोक त्यांवर रोज निर्धास्त पाय ठेवत, फक्त हा माणूस आपल्यात मुरलाय की नाही याची त्यांना अजून खात्री व्हायची होती. त्यासाठी समिती शेजाऱ्यांनाही विचारणार होती. शेजारी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या झुरबुखेनबाई. बाई वर्षभर खिडकीत बसून गावावर नजर ठेवत आणि नाताळात वाटायला लोकरीचे मोजे विणत. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. बेसिमला तपकिरी, कारण फरशीवाल्याला मळखाऊ रंग बरा.

"उद्या ह्या बाटल्या बघून म्हणतील, हे घर आहे की गुत्ता?" द्रिता म्हणाली. "आवाज न करता टाक की."

बेसिमने डोकं लढवलं. साठलेले तपकिरी मोजे काढले, एकेका बाटलीला एकेक चढवला आणि चर्चची घंटा वाजायला लागताच डब्यापाशी पोचला. मोठा लोखंडी डबा जवळजवळ भरलेला होता. वरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालून तो बाटल्या अलगद आत निजवायला लागला. शेवटची निजवली आणि घड्याळाचा पट्टा आत कशाला तरी अडकला. ओढावं तर डबा खडखडतो, न ओढावं तर हात निघत नाही. घंटाही थांबली.

"बेसिम, हात कुठाय रे तुझा?" मागून झुरबुखेनबाईंनी विचारलं.

"आत आहे, बाई."

"आज वार कोणता?"

"रविवार."

"मग हळू बोल."

एवढं बोलून बाई चालत्या झाल्या. वीस वर्षांची मेहनत डब्यात गेली, हे बेसिमला कळून चुकलं. थोड्या वेळाने बाई परतल्या त्या एश्लिमानसाहेबांना घेऊन. हे समितीचे अध्यक्ष, आणि गावातल्या बाकी सगळ्या चाव्यांबरोबर डब्याच्या मागच्या दाराची चावीही यांच्याच कमरेला. साहेबांचा चेहरा पार उतरला होता.

"उद्यापर्यंत थांबलं तर नाही का चालणार?" ते म्हणाले.

"हात आत ठेवून? उघडा ते," बाई म्हणाल्या.

साहेबांनी नाइलाजाने दार उघडलं. बाटल्या घरंगळत रस्त्यावर आल्या आणि त्यांचा जराही आवाज झाला नाही. प्रत्येक बाटलीच्या अंगात मोजा होता. वर तपकिरी, त्याखाली पाद्रीबुवांचे निळे, बेकरीवालीचे पिवळे आणि ढिगाने लाल पट्ट्यांचे. लाल पट्टे एश्लिमानांच्या घरचे.

बाईंनी त्यातला एक उचलून उलटसुलट बघितला. "तरीच दरवर्षी म्हणता, बाई, आणखी दोन जोड विणा, फाटतात हो लवकर."

साहेबांनी खाली बसून मुकाट्याने बेसिमचा पट्टा सोडवला.

सोमवारी आठच्या ठोक्याला समिती आली. शेजारी म्हणून झुरबुखेनबाईही येऊन बसल्या. विणकामाच्या सुया त्यांच्या हातात नव्हत्या.

"रविवारी आपल्या गावात काय करत नाहीत?" एश्लिमानांनी खाली बघत विचारलं.

गवत कापू नये, भिंतीला भोकं पाडू नयेत, कपडे धुऊ नयेत, बाटल्या टाकू नयेत, अशी घोकंपट्टी बेसिमने महिनाभर केली होती. त्याची नजर साहेबांच्या पायांकडे गेली. बुटात मोजे नव्हते.

"आवाज," तो म्हणाला.

साहेबांनी बाईंकडे चोरून बघितलं आणि लिहिलं, 'पूर्ण मुरलेला आहे.'

त्या नाताळात झुरबुखेनबाईंनी गावात कुणालाच मोजे दिले नाहीत. बेसिमलाही नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला गावातल्या सगळ्यांसारखी वागणूक मिळाली.