पेटी कँटीनमध्ये

लढाऊ विमानाच्या पोटात बसवलेली ती पेटी म्हणजे मोठ्या साहेबांचा जीव की प्राण. निघण्याचं ठिकाण एकदा तिला सांगितलं, की पुढे विमान किती धावलं, कुठे वळलं हे ती आतल्या आत ताडायची. कुणाला काही विचारायची नाही. मात्र हळूहळू भरकटायची. म्हणून जमिनीवरच्या मनोऱ्यांचे संकेत ऐकणारा रेडिओ तिच्या जोडीला दिला होता. रेडिओ होता साहेबांच्या मेव्हण्याकडे. दोघांचा मेळ आज बाराच्या आत जमला नाही, तर विमान दुसऱ्या पथकाकडे जाणार आणि सहा वर्षांचं काम कपाटात.

सकाळीच पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'मेळ नाही'. दोघांनी सांगितलेल्या जागांत साडेचारशे मीटरचं अंतर.

"तुझा रेडिओ बहिरा झालाय," साहेब म्हणाले.

"भावजी, एकदा पेटी बघू या ना."

"पेटी? ती कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही. तू अँटेना बदल."

काल रविवारी साहेबांची कपाटं जिन्यावरून वाहून मेव्हण्याची कंबर आधीच धरली होती. कण्हत कण्हत त्याने अँटेना बदलली. मग तारा बदलल्या. मग अख्खा रेडिओच बदलला. नवाही जुन्याचीच री ओढू लागला.

"दोन्ही रेडिओ खोटे!" साहेब कडाडले.

साडेअकराला, दोन तास घामाघूम बसलेल्या वैमानिकाने पेटीचे आकडे नकाशावर लावून पाहिले आणि कॉकपिटमधून मान बाहेर काढली. "साहेब, तुमची पेटी म्हणते मी कँटीनमध्ये आहे. मग चहा तरी सांगा की!"

हँगरभर हशा पिकला. साहेबांचा चेहरा मात्र उतरला. हल्लीचं कँटीन म्हणजे त्यांचा जुना हँगर. महिन्यापूर्वी सगळं इकडे हललं होतं. पण बारा वर्षांच्या सवयीने बोटांनी जुन्याच जागेचे आकडे टाकले होते. पेटी बिचारी दिल्या शब्दाला जागत होती.

"चूक माझी रे," ते हळूच म्हणाले. मेव्हण्याने नवे आकडे वाचले, त्यांनी टाकले. पेटीचा जम बसेपर्यंत विमान हलून चालत नाही, म्हणून दहा मिनिटं त्याला कुणी बोटही लावलं नाही. लाल अक्षरं हिरवी झाली आणि बाराला पाच कमी असताना विमान देवाच्या कृपेने आकाशात गेलं.

"ताईला सांगू?" मेव्हण्याने विचारलं.

"खबरदार!"

संध्याकाळी साहेब गुणगुणत घरी पोचले. किल्ली कुलुपात फिरेना. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?"

"दारात. कुलूप बिघडलंय बहुतेक."

"दारात तर मी उभी आहे! कालच घर बदललं ना आपण?"

"कोण आहे?" आतून अनोळखी आवाज आला.

साहेबांनी किल्ली अलगद काढून घेतली.

"तू रस्ता सांगत राहा," ते फोनवर पुटपुटले. "मी ऐकतोय."