फिरते चार्जिंग केंद्र

हवा शुद्धता कार्यालयाकडे एकूण दोन वाहने होती आणि त्यांपैकी एक चालत होते.

चालत होती ती जुनी, उंच, डिझेलवरची एसयूव्ही. दिसायला पैलवान, अंगात जोर बेताचा. इंजिनाला सिलिंडर चार. पण बावीस वर्षे ती हाकणाऱ्या ड्रायव्हरच्या मते त्यातला एक हल्ली फक्त सही करायला येत असे. या ड्रायव्हरला सारे कार्यालय मामा म्हणे. मामांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेवढे दिवस गाडी चालती ठेवणे त्यांना भाग होते, कारण गाडी नसलेल्या ड्रायव्हरला टपाल शाखेत पाकिटे चिकटवायला बसवत.

न चालणारी होती ती नवी, छोटी, हिरवी, विजेवरची. हवा शुद्ध करणाऱ्यांनीच धूर सोडत फिरणे बरे दिसत नाही, म्हणून ती मोठ्या साहेबांसाठी आली होती. फीत कापली गेली आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी तळाला जाऊन गाडी थांबली. चार्जिंगचा खांब जमिनीत रोवायचा म्हणून ते काम इमारत शाखेचे, असे वीज शाखा म्हणे. त्यातून वीज वाहणार म्हणून ते वीज शाखेचे, असे इमारत शाखा म्हणे. व्हरांड्यातला एकमेव प्लग पाणी थंड करण्याच्या यंत्रासाठी मंजूर होता.

इकडे दर सोमवारी टेकडीवरच्या मुख्यालयात बैठक असे, आणि तिथे नव्या गाडीतूनच यावे, असा लेखी आदेश होता.

"मामा, आपली जुनी हिला ओढेल ना?" साहेबांनी विचारले.

"सपाटीला ओढेल, साहेब. चढाला तिला स्वतःचंच ओझं होतं."

"एवढीशी तर आहे."

"दिसते एवढीशी. पोटात बॅटरीचा धोंडा आहे."

तरी सोमवारी दोन्ही गाड्या लोखंडी दांड्याने जोडल्या गेल्या. पुढे मामा पहिल्या गिअरमध्ये, मागे हिरव्या गाडीत स्टिअरिंग धरून साहेब. चढावर जुनी धापा टाकू लागली. तिचा सगळा धूर मागच्या काचेवर बसत होता आणि साहेब वायपर लावून शुद्ध हवेवरचे भाषण पाठ करत होते.

वर पोहोचल्यावर साहेबांच्या लक्षात आले, की बॅटरी चार टक्क्यांवरून अकरावर गेली आहे. मुख्यालयातल्या मेकॅनिकने खुलासा केला, "गाडी गिअरमध्ये ठेवून ओढली की चाकं मोटर फिरवतात, आणि मोटर वीज साठवते."

"म्हणजे ही मागून अडवून धरत होती," मामा म्हणाले. "तरीच माझी बिचारी जीव टाकत होती."

साहेबांनी फक्त मेकॅनिकचे ऐकले. आठवड्याभरात परिपत्रक निघाले. जुन्या एसयूव्हीस 'फिरते चार्जिंग केंद्र' हा दर्जा देण्यात आला. खांबाची फाईल 'गरज उरली नाही' या शेऱ्यासह बंद झाली. केंद्रात जळणारे डिझेल हे वाहनाचे इंधन नव्हे, तर वीजनिर्मिती, असेही ठरले; त्यामुळे कार्यालयाच्या वाहनांचा धूर कागदोपत्री शून्यावर आला आणि साहेबांचे अभिनंदन झाले.

तीन महिन्यांत क्लचने मान टाकायला सुरुवात केली. मामा भांडारात गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडले.

"बाई, क्लच प्लेट हवी. चढाला करपल्याचा वास येतो."

"कशाला हवी?"

"गाडीला."

"तुमच्याकडे गाडी नाही, मामा. चार्जिंग केंद्र आहे. केंद्राला क्लच नसतो. छप्पर गळत असेल तर सांगा, पत्रे आहेत."

"छप्पर ठीक आहे."

"मग तक्रार काय आहे?"

घरी बायको म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? थोडे महिने राहिलेत, निभावून न्या."

"अगं, चढावर मागे माणूस असतं," मामा म्हणाले. "क्लच गेला तर ते ओझं मला खाली घेऊन येईल. नोकरी राहिली बाजूला."

त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्ज परत आला. केंद्रप्रमुखाने केंद्र सोडून अर्ज देण्यास येऊ नये, अशी समज त्यावर होती. मामा केंद्रप्रमुख झाल्याचे त्यांना तेव्हा कळले.

शुद्ध हवा सप्ताहाच्या सोमवारी वर पाहुणे आणि फोटोग्राफर थांबले होते. मुख्यालयाच्या फाटकाखालच्या शेवटच्या वळणावर क्लच गेला. इंजिन ओरडत राहिले आणि गाड्या मागे घसरू लागल्या. ब्रेक, हँडब्रेक, काहीच पुरेना. मामांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून मागचे चाक कडेच्या दगडी कठड्यावर घातले. धडका बसून दोन्ही गाड्या थांबल्या. मामा उतरून मागे धावले.

"साहेब, लागलं का कुठे?"

"उशीर होतोय," साहेब म्हणाले.

"तुमची बॅटरी भरलीय. तुम्ही सरळ वर जा. हिला मी बघतो."

"आणि पाहुण्यांना काय सांगू? केंद्र रस्त्यात बंद पडलं?"

मग गाड्यांची जागा बदलली. हिरवी पुढे, जुनी मागे. एकटीला ते वजन हलेना, तेव्हा मुख्यालयातून अकरा शिपाई बोलावून जुनीला मागून ढकलायला लावले. मामा स्टिअरिंगवर बसले. वरात इंचाइंचाने फाटकातून आत शिरली आणि फोटो निघाला. एवढीशी हिरवी गाडी एक अवाढव्य धुरकट धूड ओढते आहे. खाली ओळ टाकली होती: 'नव्याची ताकद'.

फोटो पाहुण्यांना इतका आवडला, की हवा खराब करणारे हे जुने धूड अजून ठेवलेच कसे, अशी विचारणा झाली. आठवड्यात एसयूव्ही भंगारात गेली. मामा टपाल शाखेत गेले. हिरवी गाडी पाचव्या दिवशी पोर्चमध्ये जी थांबली, ती थांबली. खांबाची फाईल बंद होती, आणि बंद फाईल उघडायला नवी फाईल लागते.

मामांना तो फोटो त्यांच्या धाकट्या मेहुणीने पाठवला. 'किती सुंदर विचार, भाऊजी', असे खाली लिहिले होते. स्टिअरिंगमागे तोंड वासून बसलेला माणूस आपला भाऊजी आहे, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. मामांनी बोटांचा डिंक पुसला, फोटो मोठा करून पाहिला आणि फोन खिशात ठेवला.

तो फोटो तुमच्याकडेही आला होता. जुन्या गाडीच्या खाली, चाकांच्या पलीकडे, बावीस पाय स्पष्ट दिसतात. तुम्ही त्याखाली अंगठ्याचे चित्र टाकलेत आणि तो पुढे पाठवलात.