चौऱ्याऐंशी घरांचं दंतमंजन

माणूस काय विकत घेईल हे मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगतो, असं मी गेल्या आषाढापर्यंत चारचौघांत म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते ऐका.

आमचं गाव कृष्णाकाठी, सातारा जिल्ह्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. कचेरी साताऱ्याला आणि बाजाराची पिशवी सांगलीला. इथल्या शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवतो आहे. मुलं मला आवडतात. एखाद्याला हातच्याची वजाबाकी जमली नाही, तर मी ती सात वेळा समजावतो आणि आठव्यांदा खडू बदलून समजावतो. गावातला पस्तिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या हाताखालून गेला आहे. याचा मला फार अभिमान होता. तोच नडला!

मेच्या सुट्टीत साताऱ्याला शिक्षकांचा वर्ग भरला. तिथं व्यापारशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, लहान दुकानदार बुडतो, कारण तो आधी माल भरतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. आधी घरोघर विचारावं, उत्तरं लिहावीत, मगच माल आणावा. आणि हे शाळेतल्या मुलांकडून करवून घ्यावं, म्हणजे त्यांना व्यवहार कळतो. मला ते इतकं पटलं, की परतीच्या मोटारीत मी मांडीवर बोटानं दुकानाची पाटी रंगवत बसलो.

गावात पाऊल टाकतो तो हवालदार लालासाहेब समोर. लढाईहून पेन्शनीत आलेले, माझ्या पहिल्यावहिल्या वर्गातले विद्यार्थी. त्यांची अंजना सहावी पास झाली होती. इतकी हुशार मुलगी मी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि हे तिचं नाव शाळेतून काढून घ्यायला आले होते. पोरीच्या जातीला सातवी काय करायची, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, शाळेत व्यवहारही शिकवतात. अंजना दुकान चालवून दाखवील.

लालासाहेबांनी जरा विचार केला. "बरं. दसऱ्याला मी इन्स्पेक्शनला येतो. निम्मा माल खपला असंल, तर पोरगी सातवीला. न्हाईतर आटपाडीला आत्याकडं, आन माघात लगीन."

मी हसत हसत कबूल केलं. त्या हसण्याची आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरं धरली. त्या दिवसांत वही घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे सरकारी धान्यवसुलीचा, लेव्हीचा कारकून, असंच लोक समजत आणि ज्वारीचं पोतं पलंगाखाली ढकलत. म्हणून मुलांना पुढे न करता प्रश्न मी स्वतः विचारले. अंजना लिहून घेई.

पहिलं घर सयाजीचं. मला पाहताच तो हातातली वैरण टाकून उभा राहिला. रोज सकाळी घरात काय काय लागतं, असं विचारलं. सयाजीनं पाय जुळवले, हात सरळ सोडले आणि म्हणाला, "दंतमंजन, गुरुजी."

आकारामच्या घरी तेच. हरणाबाईनं चुलीपुढूनच दंतमंजन सांगितलं आणि जेवणाआधी हात धुते हेही सांगितलं. ते मी विचारलंच नव्हतं! चौथ्या घराबाहेर अंजना माझा सदरा ओढून कुजबुजली, की गुरुजी, ह्यांच्या देवळीत तंबाखूच्या मिसरीची डबी आहे. मी तिला शांतपणे समजावलं, की बाळ, अभ्यास करणाऱ्यानं गिऱ्हाईक सांगेल ते लिहावं, लोकांच्या कोनाड्यांत डोकावू नये. तिनं मान हलवली आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं.

चौऱ्याऐंशी घरं झाली. चौऱ्याऐंशी वेळा दंतमंजन!

सांगलीच्या पेठेत भूपालअण्णांचं ठोक दुकान आहे. जैन माणूस, बोलणं मऊ. मी दहा डझन डब्या मागितल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. तुमच्या गावाला माझ्याकडून आजवर एक डबी गेलेली नाही, असं ते म्हणाले. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं सावकाश उलटली. शेवटी म्हणाले, "गुरुजी, कागदावर गाव लय स्वच्छ हाय. पर माल परत घेनार न्हाई."

मी पदरचे पैसे मोजले आणि डब्यांची खोकी गाडीवर चढवली.

शाळेतच दुकान थाटात उघडलं. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेपुढचा रस्ताच ओस पडला. चौकशी केली तेव्हा कळलं, की माणसं ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून वळसा घालून जातात. शाळेवरून गेलं तर गुरुजी विचारतील, डबी नेली का म्हणून. बैलं बिचारी सवयीनं शाळेकडं वळत आणि मार खात. मी किंमत कमी केली. लगेच बोलवा उठली, की स्वस्त आहे म्हणजे लढाईतला उरलेला माल असणार, दात झडतील.

श्रावण संपता संपता हरणाबाई येऊन एकदम तीन डब्या घेऊन गेली. मी मुलांना गूळ वाटला! संध्याकाळी तिच्या दारावरून गेलो. तिची समई, तांब्या, घंगाळ असं काही लखलखत होतं की डोळे दिपावेत. दात मात्र मिसरीनं होते तसेच काळे. पुन्हा कधी येतेस, असं विचारलं तर म्हणाली, "आता न्हाई गुरुजी. चिंच फुकाट मिळती."

दसऱ्याला लालासाहेब फेटा बांधून आले. फळीवर एकशे सतरा डब्या कवायतीला उभ्या असाव्यात तशा होत्या. अंजना त्यांच्याशेजारी उभी होती. ती रडत नव्हती, म्हणून मलाच रडू येऊ लागलं. मी म्हणालो, चूक माझी आहे, मुलीची नाही.

लालासाहेबांनी तिच्याकडून वही मागून घेतली. पुढची पानं वाचली, मग मागची. मागे तिनं प्रत्येक घरापुढे देवळीत खरोखर काय होतं ते लिहिलं होतं. मिसरी, मिसरी, राखुंडी, मिसरी. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. घर लालासाहेबांचं. सांगितलं, दंतमंजन. देवळीत, मिसरी, दोन डब्या.

लालासाहेबांनी वही मिटून अंजनाला परत दिली.

"पोरीला सातवीला ठिवा," ते म्हणाले. "हिला कळतंय. दुकानबी हीच बघंल. तुमी फकस्त शिकवा."

मला आनंद व्हायला हवा होता. पण सव्वीस वर्षं आरोग्याचा धडा शिकवून मला गावातला एकही दात पांढरा करता आला नव्हता. मी विचारलं, "लालासाहेब, तुम्हीसुद्धा? मला खरं का नाही सांगितलं?"

त्यांनी पायताण चढवत खाली मान घातली. "तुमी इचारलंसा, आमी धडा म्हणून दावला. आवं गुरुजी, खरं सांगितलं असतं, तर तुमी त्यो धडा पयल्यापासनं परत घेतला असता. मानसं कामाला निघाली हुती."

हे मात्र मला लागलं. मी इतका का छळतो लोकांना? मी म्हणालो, तसं काही नाही, बसा जरा, मिसरीनं हिरड्यांचं काय होतं ते दोनच शब्दांत सांगतो. खडू घ्यायला फळ्याकडे वळलो.

परत वळून पाहतो, तो हवालदारसाहेब ओढ्याच्या चिखलात उतरलेले!